बिब्बा

गुरुवारी दुपारी सव्वा वाजता डब्याचं झाकण काढलं तर पोळ्यांवर एक माणूस उभा. कार्डावरचा. पाच नागव्या तलवारी छातीशी कवटाळून, चवड्यांवर, पाय न वाजवता कुठल्यातरी छावणीतून सटकत होता. मागे रंगीत तंबू. आभाळ पिवळं, कावीळ झालेल्या डोळ्यासारखं. दोन तलवारी त्याच्या मागे जमिनीत तशाच रोवलेल्या, कारण सातही काही कवेत मावत नव्हत्या. आणि पळता पळता मान वळवून तो मागे बघत होता. हसत होता. कार्ड माझ्या बहिणीच्या, पौर्णिमाच्या टॅरोच्या गठ्ठ्यातलं होतं, ते मी लगेच ओळखलं. तेल लागू नये म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीचं तोंड दुमडून ठेवलं होतं. चुकून पडलेलं कार्ड पिशवीत नसतं.

तहसीलच्या भिंतीला लागून लिंबाखाली माझं टेबल आहे. सव्वीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहितो. शेजारचं टेबल शाहनवाजचं. तो टाइप करतो, मी लिहितो, डबे आम्ही एकत्र खातो. त्यानं वाकून बघितलं आणि खिदळला. "क्या सहदेवभाऊ, घरवाले अब पत्ते भी खिला रहे क्या? भाजी के साथ के बगैर भाजी के?" मी म्हटलं, बहिणीचं आहे, चुकून आलं. त्यानं बोटं पुसून पिशवी उचलली, उन्हात धरली. "चोर है. लेकिन कच्चा. मुड़ के देखने वाला चोर पकड़ा जाता है." मी म्हटलं, पण हसतोय तो. "वोइच तो," शाहनवाज म्हणाला, "माल का शौक नहीं उसको. चोरी का शौक है." आणि त्यानं माझ्या डब्यातलं वांगं उचललं आणि स्वतःच्या डब्यातला खिमा माझ्याकडे सरकवला, रोजच्यासारखा. मी मोजत होतो. कवेत पाच, जमिनीत दोन. पौर्णिमाला आजवर सात स्थळं आली. दोन आपोआप मोडली. पाच मी मोडली.

हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे त्या दुपारपर्यंत मी तसं धरून चाललो होतो. आठवं स्थळ अकोल्याचं. केशवराव, वय अठ्ठेचाळीस, बायको जाऊन सहा वर्षं, शाळेत प्रयोगशाळा सहायक. येत्या रविवारी आम्हा भावाबहिणीला अकोल्याला बोलावलं होतं, पक्कं करायला. आणि बारा दिवसांपूर्वी त्यांच्या नावे एक निनावी पाकीट मी बडनेऱ्याच्या पेटीत टाकलं होतं. बडनेऱ्याच्याच. अमरावतीचा शिक्का नको म्हणून बारा किलोमीटर जाऊन. आज मोबाइलच्या जमान्यात कोण पत्रं टाकतं, असं विचाराल, तर माझ्यासारखे टाकतात. फोनचा नंबर सापडतो, पाकिटाला नंबर नसतो.

आमच्याकडे सोयरीक जुळत आली की कुणीतरी बिब्बा घालतो. नवीन काही नाही, घरोघर घडतं. मुलाकडच्यांना कागद येतो: मुलीला आकडी येते, पाठीवर डाग आहे, आजी वेडी होऊन मेली. खरं-खोटं कुणी तपासत नाही. तपासायला जावं तर आपण विश्वास ठेवला असं होतं, म्हणून लोक गपचूप निरोप पाठवतात, पत्रिका जुळली नाही. सगळं आटोपल्यावर मुलीच्या घरचे विचार करत बसतात, कोणी केलं असेल? चुलत्यानं? शेजाऱ्यानं? बिब्बा अंगावर उततो तेव्हा कातडी फुगून पाणी धरते, पण घालणाऱ्याच्या बोटांना काही होत नाही, तो तेल लावून बसलेला असतो. सतरा वर्षं माझी बोटं तेलात होती.

पहिलं पत्र का लिहिलं ते मी स्वतःला कितीतरी प्रकारे सांगून बघितलं. मुलगा पितो असं ऐकलं होतं. घर फार लांब पडत होतं. सगळं खोटं. मुलगा अंजनगाव सुर्जीचा होता, बँकेत होता, पीत नव्हता. बघायला आले तेव्हा बाबांनी, म्हणजे वामनरावांनी, ओळख करून दिली, "हा थोरला, सहदेव. तहसीलबाहेर अर्ज लिहितो." त्या मुलानं माझ्याकडे बघितलं आणि समजूतदारपणे म्हणाला, "तेही काम कोणाला तरी करावंच लागते." बस. एवढंच. त्यानं वाईट अर्थानं म्हटलं नव्हतं, तेच मला सहन झालं नाही. तीस वर्षांचा होतो. रात्रंदिवस दुसऱ्यांची गाऱ्हाणी लिहायचो, साहेब मेहरबान, अर्जदार गरीब असून. आणि त्यातलं एकही वाचून कुठला साहेब कधी खुर्चीतून उठला नव्हता. आणि मग डाव्या हातानं, वेगळ्या शाईनं मी अकरा ओळी लिहिल्या, की मुलीला फिट येते, आणि त्या वाचून एक अख्खं घर उठलं. वऱ्हाडातला सगळ्यात परिणामकारक अर्ज. आठ दिवसांत निकाल.

ते आठ दिवस. त्यांच्याबद्दल मी कधी कुणाशी बोललो नाही, स्वतःशीही नाही. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज ऐकला की माझ्या पोटात एक गोड कळ यायची आणि निरोप येईस्तोवर राहायची. भूक चांगली लागायची. लोकांशी मी प्रेमानं बोलायचो. मग निरोप यायचा, पौर्णिमा आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून रडायची, आणि मी राजकमल चौकातून गरम कचोऱ्या आणायचो, तिच्याजवळ बसायचो, पाठीवरून हात फिरवायचो. "जाऊ दे पोर्णी, नशीबच फुटकं त्या लोकायचं." ती माझ्या खांद्यावर डोकं टेकायची. जगात मला कुणीच कधी इतकं टेकलं नाही. बायको केली, रश्मी, ती आठ महिन्यांत माहेरी गेली ती गेलीच, जाताना म्हणाली, "तुमी चांगले हा, पन तुमच्याजवळ बसलं की कोनीतरी पाह्यून राह्यल्यासारखं वाटते." तेव्हा मी तिला मूर्ख म्हटलं होतं.

दुसऱ्या पत्रात कोड. तिसऱ्यात पत्रिका खोटी. चौथ्यात काय लिहिलं ते आठवतही नाही, इतकं सरावाचं झालं होतं. तोवर बाबा गेले, आई अर्ध्या अंगानं लुळी पडली, आणि माझ्या हातात एक भक्कम कारण आलं: ही गेली तर आईचं कोण करणार? पाचवं पत्र त्या कारणाच्या सावलीत बसून लिहिलं. तेव्हा पौर्णिमा कॉलेजच्या ग्रंथालयात लागून नऊ वर्षं झाली होती. स्थळ परतवाड्याचं, लोक शिकलेले. आकडी, कोड असल्या गोष्टींना भीक न घालणारे. मग मी तिच्या ग्रंथालयातल्या मुनव्वरचं नाव लिहिलं. फक्त नाव. 'मुलीचे मुनव्वर नामक इसमाशी संबंध असून' एवढंच, पुढे काही लिहावं लागलं नाही. पुढचं सगळं वाचणारा स्वतः लिहितो. इतकं सोपं शस्त्र या गावानं माझ्या हातात आयतं ठेवलं होतं, आणि मी ते वापरलं, शाहनवाजच्या शेजारी बसून, त्याच्या डब्यातला खिमा खाऊन. पत्र परतवाड्याहून फिरत कुठे कुठे गेलं. कॉलेजच्या फाटकावर पाच-सहा जण आले, घोषणा दिल्या, मुनव्वरची कॉलर धरली. व्यवस्थापनानं त्याला पुढच्या वर्षी घेतलंच नाही. आता तो अचलपूरला झेरॉक्सचं मशीन चालवतो. साधा, चष्म्यातून खाली बघून बोलणारा माणूस. शाहनवाज तेव्हा माझ्यासमोर बसून म्हणाला होता, "जिसने लिखा ना भाऊ, उसके हाथ में कीड़े पड़ेंगे." मी मान हलवली होती. माझा हात डब्यात होता.

गुरुवारी संध्याकाळी घरी आलो तर पुढच्या खोलीत गल्लीतल्या दोन बाया पौर्णिमासमोर मांडी घालून बसल्या होत्या. हे टॅरो तिनं दीड वर्षापूर्वी मोबाइलवरून शिकलं. आधी मी हसलो होतो. लायब्ररीत पुस्तकं सांभाळणारी बाई, आणि हे काय खूळ. पण ती भविष्य सांगत नाही. कुणी विचारलं, मायी बदली होईन का, तर म्हणते, "थे मले नाई माईत. हे कार्ड पुढचं नाई सांगत, आतलं सांगते. चालते तं बसा." तरी बाया येतात. त्या संध्याकाळी मी कार्ड परत करायला हवं होतं, विचारायला हवं होतं, हे काय? मी शर्टाच्या खिशात ते तसंच ठेवलं आणि आईचं अंथरूण बदलायला गेलो. मी एरवी बदलत नाही. आईनं, इंदूबाईनं, शाबूत डोळ्यानं माझ्याकडे बघितलं आणि वाकड्या तोंडानं म्हणाली, "आज काऊन रे?"

शुक्रवारी डब्यात सैतान होता. बोकडाच्या शिंगांचा, वटवाघळाचे पंख, काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर एका ठोकळ्यावर उकिडवा बसलेला. त्याच्या पायाशी एक बाई आणि एक पुरुष, उघडे, गळ्यात साखळ्या. मी शाहनवाजला दिसू दिलं नाही. दिवसभर अर्जांत चुका केल्या, एका म्हाताऱ्याच्या अर्जात मयताच्या जागी अर्जदार लिहिलं, तो बिचारा अंगठा देऊन स्वतःला मारून मोकळा झाला असता. मला राग येत होता. विचार ना एकदाचं तोंडानं. हे काय डब्यातून चोरटेपणानं, नाव न लिहिता, शिक्का न मारता... इथं येऊन माझा विचार थांबला आणि मी लिंबाखाली एकटाच मोठ्यानं हसलो. आयताच माझ्या धंद्याचा प्रकार मला पोचवला होता तिनं. त्या संध्याकाळी ती कुणा बाईला सांगत होती, मी स्वयंपाकघरात पाणी पीत ऐकत होतो. "भिऊ नका. सैतान म्हनजे भाईरचा कोनी नसते. आपल्यातलंच जे आपन दिव्याखाली नेत नाई, थे. अन् हे साखळ्या पाहा. ढिल्या हायेत. मान काढली की निंगते. पन दोघं काढत नाईत." बाई म्हणाली, "काहून नाई काढत व ताई?" पौर्णिमा म्हणाली, "सवय पडते. गळ्याले गरम लागते साखळी."

रविवारी शेजारच्या रुख्मिणीकाकूंना आईजवळ बसवलं आणि आम्ही सकाळी साडेनऊच्या बसमध्ये बसलो. एप्रिल. खिडकीची काच साडेनऊलाच तापलेली. पौर्णिमानं निळी साडी नेसली होती, चष्म्याची काडी नवी बसवून घेतली होती. एक्केचाळीस वर्षांची बाई, आणि कानामागे पावडरचा पांढरा ठिपका तसाच राहिला होता. कंडक्टर आला. मी म्हटलं, अकोला, एक फुल, एक महिला. तो गेल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "भाऊ, कार्डं भेटले ना डब्यात?"

"हो."

"मंग बोल्ला नाईस."

बाहेर नांगरून टाकलेली काळी शेतं, त्यांच्यावर हवा पाण्यासारखी हलत होती.

"बाबा गेले तवा पेटी म्या आवरली," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजी निवडताना असतो तसा. "त्याच्यात अंजनगावच्या लोकायनं वापस केलेलं पत्र होतं. बाबानं जपून ठुलं होतं, धोतराच्या घडीत. डाव्या हातचं अक्षर. हिरवी शाई. सारं बदललं तू. पन कागद डावीकडून दुमडून समास पाडला होता. चौथा हिस्सा, बरोब्बर. सरकारी अर्जासारखा. बदनामीच्या कागदाले समास कोन पाडते, भाऊ?"

बस खड्ड्यात आपटली. मला सगळ्यात आधी वाटलं ते हे, की बाबांना माहीत होतं. सहा वर्षं माझ्या ताटासमोर बसून जेवले ते. मला भाजी वाढून घे म्हणायचे. मग वाटलं, समास. सव्वीस वर्षांत माझ्या हातानं समासाशिवाय कागदाला शाई लावली नाही. हात आपोआप दुमडतो, नखानं घडी दाबतो. माझ्या अंगातला सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात कष्टाळू भाग होता तो, त्यानंच मला धरून दिलं.

"अकरा वर्षं झाले," मी म्हटलं. "अकरा वर्षं तुले माईत हाये. अन् बोल्ली नाईस?"

"सोईचं होतं." तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला. "मले भेव वाटे. परक्या घरचं, परक्या मानसाचं. तू मोडत जाय, मी रडत जाव, अन् आतून मले हलकं वाटे. सुटली एकदाची, असं. तुया पापावर म्या माया भेव खपवला. त्या कार्डात दोघं हायेत ना साखळीत? म्हनून थे ठुलं होतं. तुया एकट्यासाठी नाई." मग चष्मा परत डोळ्यांवर चढवून, "मुनव्वरचं मात्र म्या तुले माफ नाई केलं. करनारबी नाई. त्याच्यात मायी साखळी नव्हती."

मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली. कुणी खिडकीशी येऊन काकड्या विकत होता. तिनं दोन घेतल्या, मीठ लावून एक मला दिली. मी ती खाल्ली. असं काही ऐकल्यावर माणूस काकडी खातो, हे मी कुठल्या गोष्टीत वाचलं असतं तर लेखकाला शिव्या दिल्या असत्या.

"आता आईक," ती म्हणाली. "अकोल्याले तुयं पत्र पोचलं. केशवरावनं मले फोनवर सांगतलं. म्हने, असा कागद माया पयल्या लग्नातबी आल्ता, म्या वाचला अन् चुलीत टाकला. कोन लिह्यलं थे त्यायले माईत नाई, पायजेबी नाई. मले जायचं हाये, भाऊ. या खेपी मले भेव नाई वाटून राह्यलं. तू एकच कर. गप बस. माफी मांगू नको, कबूल करू नको, रडू नको. तुयं जे काई हाये थे तू घरी जाऊन तुयं पाह्यजो. एक तास. जमते?"

"जमते," मी म्हटलं. आणि खरंच वाटलं होतं जमेल. त्या क्षणी मी माझ्या बहिणीवर जितकं प्रेम केलं तितकं कधीच केलं नव्हतं.

जठारपेठेतलं घर साधं. दारात चपला काढून आत गेलो. कूलर चालू, वाळ्याचा वास. केशवरावांची मोठी बहीण बेबीताई, अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून. तिनं पन्हं आणलं, शेव आणली आणि पहिल्या पाच मिनिटांत भावाची लक्तरं काढली. "पाह्य व पौर्णिमा, आत्ताच सांगून ठुते. याले सैपाक येत नाई. कुकरची शिट्टी वाजली तं भाईर पयते. पन भांडे असे घासते, तोंड पाह्यून घे त्याच्यात." केशवराव लाजले. उंच, वाकलेला माणूस, हातावर ॲसिडचे जुने डाग. म्हणाले, "शाळेत परीक्षानळ्या धुऊन धुऊन सवय झाली." आणि पौर्णिमा हसली. तोंडावर हात न घेता, घशातून, पूर्ण. हे हसणं मी ऐकलं नव्हतं. माझ्या घरात, माझ्या शेजारच्या खोलीत, एक्केचाळीस वर्षं राहिलेल्या बाईला असं हसता येतं हे मला त्या घराच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कळलं. माझ्या छातीत काहीतरी कडू वर आलं. मी पन्हं पिऊन ते खाली ढकललं.

पत्राचा विषय बेबीताईनंच काढला आणि तिनंच मिटवला. "लोकं जयतात, भाऊ. कोनाचं बरं झालेलं पाहवत नाई. तुमी मनावर घेऊ नका." मी मान हलवली. पौर्णिमा माझ्याकडे बघतही नव्हती, इतका तिचा माझ्यावर भरवसा होता. दिवस ठरत होता. पंधरा दिवसांनी, नोंदणी लग्न, दोन हार, दहा माणसं. मग केशवराव माझ्याकडे वळले आणि फार हळू म्हणाले, "सहदेवभाऊ, आईचं आमी बोल्लो हावो. खालची खोली रिकामीच हाये. इंदूबाईले इकडं आनू. बेबीताई हाये, मी चार वाजता घरी असतो. तुमाले एकट्याले किती पुरनार." एखाद्यानं आपल्या हातातलं ओझं घ्यावं तसं. आई. माझी नऊ वर्षांची ढाल. एका वाक्यात ती त्यानं माझ्या हातून प्रेमानं काढून घेतली, आणि मी त्या खुर्चीवर उघडा झालो. मला घर दिसलं. तीन खोल्या. डब्यात काहीही नसलेलं, कारण डबाच नसलेलं घर. कुणाच्या पाठीवरून हात फिरवणार? कुणाला कचोऱ्या आणणार? कोण रडेल माझ्यासाठी, माझ्यामुळे?

"थे पत्र मी लिह्यलं," माझं तोंड म्हणालं.

कूलरच्या आवाजात आधी कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग थांबलोच नाही. सगळी सांगितली, पहिल्यापासून. आकडी, कोड, पत्रिका. मुनव्वरचंही. रडत होतो, नाक वाहत होतं, हात जोडले होते. "मी पापी हावो, मले सांगल्याशिवाय राहवलं नाई, तुमच्यासारख्या मानसायले फसवून..." आणि शब्द किती सुरेख येत होते! सव्वीस वर्षांतला सगळ्यात उत्तम अर्ज तो, तोंडी, समासासकट. बेबीताईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला. ती उठून उभी राहिली. "सख्खा भाऊ?" ती म्हणाली. "सख्खा? बापा रे. अन् तुले माईत होतं, पौर्णिमा? माईत असून याले घेऊन आली आमच्या दारात? केशव, ऊठ. असल्या घरात आपल्याले नाई पडायचं. उद्या आपल्या घरात काय काय लिह्यून राह्यतीन हे लोकं." आणि त्या वेळी, ती 'ऊठ' म्हणाली त्या वेळी, माझ्या पोटात ती आली. ती गोड कळ. पाकीट पेटीत पडल्याची. मी रडतच होतो, आणि ती माझ्या आतून पायांच्या बोटांपर्यंत पसरत गेली.

पौर्णिमानं माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही. "भाईर जाय," ती म्हणाली. "तुया तोंडाकडं पाह्यवत नाई. हसू हाये त्याच्यावर."

मी बाहेर आलो ते अनवाणी. दार मागे लोटलं गेलं. अंगणात फरशी, दीड वाजताचं अकोल्याचं ऊन, पाय टेकवत नव्हते. कुंपणाच्या भिंतीची वीतभर सावली होती, तीत मी चवड्यांवर, टाचा उचलून उभा राहिलो. चपला दारातच होत्या, चार पावलांवर, पण परत तिथं जायची लाज वाटत होती. म्हणजे इतक्या सगळ्यानंतर मला लाज उरली होती ती चपलांची. आतून बेबीताईचा आवाज येत होता, चढता. मध्येच पौर्णिमाचा, सलग, न चढणारा. काय म्हणते ते कळत नव्हतं. मी कान देऊन उभा होतो आणि माझे ओठ हलत होते. देवाचं नाव घेतोय असं मला वाटलं. मग मी नीट ऐकलं स्वतःला. मी म्हणत होतो, येऊ दे भाईर, येऊ दे भाईर, एकटी येऊ दे.

सैतानबितानाची मला काही भीती नाही. शिंगं असती तर बरं झालं असतं, लोकांनी तरी ओळखलं असतं. हा जो आहे तो अर्ज लिहितो, डबा खातो, बहिणीच्या पाठीवरून हात फिरवतो. आज त्यानं खरंसुद्धा बोलून बघितलं. खऱ्यानंही त्याचं तेच काम झालं. आणि मी समजत होतो की आपण आज कबुली देऊन त्याला उजेडात आणला. मी त्याला नुसता चांगला सदरा घालून दिला होता.

पाऊण तासानं दार उघडलं. केशवराव एकटेच बाहेर आले. त्यांनी दारातल्या माझ्या चपला उचलल्या, हातानं, आणि फरशीवरून चालत माझ्यापर्यंत आणल्या. माझ्या पायांशी ठेवण्यासाठी ते वाकले. "पाय भाजतीन," म्हणाले. मग सरळ होत, माझ्या डोळ्यांत न बघता, "बेबीताई अजून तयार नाई. तिले वेळ लागन. पन पौर्णिमा उठली नाई जाग्यावरून. म्हने, मी उत्तर घेतल्याबगर जात नाई. मायं उत्तर म्या दिलं तिले. संध्याकाळी मी सोतः तिले अमरावतीले आनून सोडतो. तुमी निंगा. अडीचची गाडी भेटन."

मी चपला घातल्या. या माणसाच्या पायावर पडावं असं वाटायला हवं होतं. मी त्याच्या हातांकडे बघत होतो. उजव्या हाताची दोन बोटं थरथरत होती, अंगठ्याजवळची, बारीक, सारखी. रागानं असेल, उन्हानं असेल, माझ्यासारख्याच्या चपला उचलाव्या लागल्या म्हणून असेल. पण माझ्या डोक्यात त्यातलं काहीच आलं नाही. आलं ते आयतं, पूर्ण, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत: मुलास कंपवाताचा विकार असून तो मुलीकडील मंडळींपासून लपवून ठेवण्यात आला आहे. तो माणूस माझ्यासमोर उन्हात उभा होता, माझ्या चपलांची धूळ बोटांवरून पुसत होता, आणि मी मजकूर जुळवत होतो.